जखम कोरडी ठेवावी कीं ओली?

मूल खेळतां खेळतां पडतें, गुडघा खरचटतो आणि घरांत एकच धांदल उडते. आजी हळदीची पूड दाबावयास सांगते, वडील आयोडिनची बाटली शोधूं लागतात, आणि शेजारचें कोणी तरी बजावतें कीं, जखम बांधूं नका, तिला वारा लागूं द्या, म्हणजे खपली लवकर धरेल. जखम सुकली म्हणजे बरी झाली, ही समजूत इतकी खोल रुजलेली आहे कीं मराठी भाषेनेंहि ती आपलीशी केली आहे. घाव भरून आला म्हणजे 'घाव सुकला' असें म्हणतात, आणि दुःख ताजें असलें म्हणजे 'जखम अजून ओली आहे' असें म्हणतात. कोरडेपणा हा आरोग्याचा आणि ओलावा हा दुखण्याचा दुसरा शब्द होऊन बसला आहे.

वैद्यकशास्त्राला मात्र १९६२ पासूनच्या प्रयोगांनीं याच्या उलट धडा दिला आहे. जखम सुकविल्यानें लवकर भरत नाहीं. योग्य तेवढी ओली राखल्यानें लवकर भरते. 'हायड्रोजेल' या नांवानें औषधांच्या दुकानांत मिळणारें जखमेवरचें आवरण हें या धड्याचेंच एक फळ होय. तें काय आहे, कसें काम करतें आणि कोठें निरुपयोगी किंवा घातक ठरतें, हें घरांतील प्रत्येक जाणत्या माणसानें समजून घेण्यासारखें आहे. कारण भाजणें, कापणें आणि मधुमेहाच्या रोग्याच्या पायाला व्रण होणें या गोष्टींपासून कोणतेंहि घर सर्वस्वीं सुरक्षित नाहीं.

जुनी समजूत अगदींच निराधार होती असें नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपांतील रुग्णालयांत शस्त्रक्रिया नीट पार पडूनहि अनेक रोगी पुढें जखम चिघळून दगावत. १८६५ सालीं ग्लासगो येथें जोसेफ लिस्टर या शस्त्रवैद्यानें कार्बोलिक आम्लानें जखमेंतील जंतूंचा नाश करण्याचा उपाय अवलंबिला आणि १८६७ सालीं आपले अनुभव प्रसिद्ध केले. जखम चिघळण्याच्या मुळाशीं जंतू असतात हें एकदां पटल्यावर जखमेंतून पाझरणारा प्रत्येक थेंब टिपून घ्यावा, असें वाटूं लागलें. १८८० सालीं बर्मिंगहॅमच्या सॅम्सन गॅम्जी यानें पाणी शोषणारा कापूस जाळीदार कापडाच्या दोन थरांमध्यें घालून पट्टी तयार केली. कापूस आणि गॉझ यांचें राज्य पुढें जगभर पसरलें, आणि त्यांनीं रोग्यांची मोठीच सेवा केली.

परंतु या सेवेची किंमतहि रोग्यालाच मोजावी लागे. जखमेंतील लस कापडाच्या धाग्यांत शिरून वाळते आणि कापड जखमेला चिकटून बसतें. दुसऱ्या दिवशीं तें ओढून काढलें म्हणजे लस, खपली आणि तिच्याबरोबर रात्रभरांत उगवलेली नवी त्वचाहि उपटून येते. जखम पुन्हां रक्तानें भरते. म्हणजे शरीरानें चढलेली पायरी पट्टीनें खालीं ओढावी असा प्रकार होतो. ज्यांनीं घरांत भाजलेल्या माणसाची शुश्रूषा केली आहे, त्यांना पट्टी बदलण्याची वेळ म्हणजे काय तें सांगावयास नको. पहिल्या महायुद्धाच्या काळांत ऑग्यूस्त ल्यूमिएर या फ्रेंच शास्त्रज्ञानें पॅराफिन लावलेली जाळीदार पट्टी प्रचारांत आणली. तिनें चिकटण्याचा त्रास बराच कमी केला. तथापि जखम कोरडी असावी या मूळ विचाराला कोणी हात लावला नाहीं.

गंमत अशी कीं, त्याहून फार प्राचीन वैद्य या बाबतींत अधिक जाणते होते. इजिप्तमधील 'एडविन स्मिथ पपायरस' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या, इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० वर्षांच्या हस्तलिखितांत जखमेवर मध, चरबी आणि तंतू यांचा लेप सांगितलेला आहे. भारतांत सुश्रुतानें व्रणाच्या चिकित्सेचे साठ उपक्रम वर्णिले आहेत, आणि त्यांत मध व तूप यांचा उपयोग वारंवार येतो. मध काय किंवा तूप काय, दोन्ही पदार्थ जखमेला वाऱ्यावर सुकूं देत नाहींत. त्यामागचें कारण मात्र कळावयाचें राहिलें होतें.

तें कारण समजण्यासाठीं त्वचा कशी भरून येते हें पाहिलें पाहिजे. त्वचेचा वरचा पातळ थर सोलून निघाला म्हणजे त्याची भरपाई दोन ठिकाणांहून होते. जखमेच्या कडेला असलेल्या जिवंत पेशी सरकूं लागतात, आणि उथळ जखमेंत केसांच्या मुळांशीं व घर्मपिंडांशीं शिल्लक राहिलेल्या पेशीहि बेटाबेटांसारख्या पसरतात. या पेशींना सरकण्यासाठीं ओला पृष्ठभाग लागतो. जखम उघडी ठेवली कीं वरची लस तर वाळतेच, पण तिच्या खालच्या जिवंत त्वचेचाहि थर वाळून मरतो आणि खपलींत सामील होतो. नव्या पेशींना मग या वाळलेल्या थराच्या खालीं, ओल जेथें उरली असेल तेथें उतरावें लागतें, आणि वाटेंतील तंतू आपल्या पाचक रसांनीं विरघळवीत पुढें जावें लागतें. पेरणीनंतर पाऊस पडून लगेच कडक ऊन तापलें म्हणजे जमिनीवर टणक पापुद्रा धरतो आणि अंकुराला तो फोडून वर येतां येत नाहीं, हें शेतकऱ्याला ठाऊक असतें. खपलीखालीं पेशींची अवस्था बहुतांशीं तशीच होते. खपली हें शरीरानें अडचणीच्या वेळीं घातलेलें झांकण आहे. जखम भरण्यास तीच हवी असें नाहीं.

हें प्रयोगानें दाखविलें लंडन येथील जॉर्ज विंटर या संशोधकानें. डुकराची त्वचा पुष्कळ बाबतींत मनुष्याच्या त्वचेसारखी असते, म्हणून त्यानें लहान डुकरांच्या पाठीवर सारख्या आकाराच्या उथळ जखमा केल्या. कांहीं जखमा उघड्या ठेवून त्यांवर खपली धरूं दिली, व कांहींवर पॉलिथीनचा पातळ पापुद्रा बसविला. झांकलेल्या जखमांवर खपली धरलीच नाहीं, आणि त्यांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या मानानें जवळजवळ दुप्पट वेगानें पसरली. १९६२ सालीं 'नेचर' या पत्रांत हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दुसऱ्याच वर्षीं हिनमन आणि मायबाख या दोघांनीं मनुष्याच्या त्वचेवरहि तोच अनुभव आल्याचें त्याच पत्रांत सांगितलें.

ओलाव्यांत जंतू माजतील ही शंका साहजिक होती, आणि डॉक्टरांच्या मनांतून ती लवकर गेली नाहीं. परंतु जखमेंतली ताजी लस म्हणजे कांहीं घाण पाणी नव्हे. तिच्यांत जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात, मृत भाग विरघळविणारीं पाचक द्रव्यें असतात, आणि नव्या पेशींना वाढीचा इशारा देणारीं द्रव्येंहि असतात. जखम वाळली कीं ही सारी फौज जागच्या जागीं निकामी होते. शिवाय अखंड आवरणामुळें बाहेरचे जंतूहि आंत येऊं शकत नाहींत. १९९० सालीं पूर्वींच्या अनेक पाहण्यांचा एकत्र आढावा घेण्यांत आला, तेव्हां साध्या पट्टीखालच्या जखमांपैकीं शेंकडा सुमारें ७ जखमांत जंतुसंसर्ग झालेला आढळला, तर ओलावा राखणाऱ्या आवरणांखालीं हें प्रमाण शेंकडा ३ हूनहि कमी होतें.

अर्थात् पॉलिथीनचा तुकडा हा कांहीं खरा उपाय नव्हे. तो लस कोंडून ठेवतो, पण शोषून घेत नाहीं. आणि जखम मुळांतच कोरडी असेल तर तिला ओलावाहि देत नाहीं. फार वेळ धुणें धुतल्यावर बोटांची कातडी जशी पांढरी पडून सुरकुतते, तशी जखमेभोंवतालची चांगली त्वचा कोंडलेल्या पाण्यानें लिबलिबीत होऊन फाटूं लागते. ओली जखम आणि बुडालेली जखम यांत मोठें अंतर आहे. म्हणून पाणी आपल्या अंगीं साठवील, कोरड्या जागेला देईल, थोडें जास्त असेल तें टिपून घेईल आणि जखमेला चिकटणार नाहीं, असा पदार्थ पाहिजे होता. हायड्रोजेल हा असा पदार्थ आहे.

त्याचें स्वरूप कळण्यासाठीं प्रयोगशाळेंत जाण्याचें कारण नाहीं. उन्हाळ्यांत सरबतांत किंवा फालुद्यांत घालण्यासाठीं सब्जाचें बीं पाण्यांत भिजत टाकतात. बारीक, काळें, कोरडें असें तें बीं घटकाभरांत फुगतें आणि त्याच्याभोंवतीं पारदर्शक, बुळबुळीत गराचें वेष्टन तयार होतें. त्या वेष्टनांत बहुतेक सारें पाणीच असतें. तरी तें ओघळून जात नाहीं, बियाला धरून राहतें. सृष्टीनें केलेलें हें हायड्रोजेलच होय. अशा पदार्थाचे रेणू लांबच लांब सांखळ्यांसारखे असून त्यांना पाण्याची विलक्षण ओढ असते. या सांखळ्या सुट्या असतील तर पदार्थ पाण्यांत विरघळून जाईल. परंतु कोळ्याच्या जाळ्याप्रमाणें ठिकठिकाणीं त्या एकमेकींस गांठीनें बांधल्या असतील तर त्या विरघळूं शकत नाहींत, पाणी पिऊन नुसत्या फुगतात. गांठी जितक्या विरळ, तितका गर मऊ आणि पाणीदार. गांठी जितक्या दाट, तितका तो घट्ट.

असा पदार्थ मनुष्याच्या शरीरासाठीं मुद्दाम घडविण्याची कल्पना चेकोस्लोव्हाकियांत निघाली. ओट्टो विख्टर्ले हे रसायनशास्त्रज्ञ १९५२ सालीं आगगाडीनें प्राग शहराकडे परतत असतां त्यांचा सहप्रवासी एका वैद्यकीय मासिकांत डोळ्यांत बसवावयाच्या धातूच्या कृत्रिम भागाची जाहिरात पाहत होता. डोळ्यासारख्या नाजूक इंद्रियांत धातू बसविण्यापेक्षां शरीराशीं जुळेल असें पाणीदार प्लॅस्टिक कां करूं नये, असें विख्टर्ले यांच्या मनांत आलें. त्यांनीं आणि त्यांचे सहकारी द्राहोस्लाव्ह लिम यांनीं त्याप्रमाणें पदार्थ तयार केला व १९६० सालीं 'नेचर' मध्यें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. १९६१ च्या नाताळांत विख्टर्ले यांनीं मुलांच्या जोडकामाच्या खेळण्याचे तुकडे आणि सायकलचा डायनॅमो यांपासून घरच्या घरीं यंत्र जुळवून पहिलीं मऊ नेत्रभिंगें घडविलीं. जो पदार्थ डोळ्याला खुपत नाहीं तो उघड्या जखमेलाहि खुपणार नाहीं, हें अनुमान फार दूरचें नव्हतें. त्या पहिल्या भिंगांत पाणी शेंकडा सुमारें ४० भाग होतें. जखमेवरच्या गरांत तें शेंकडा ७० ते ९० भाग, क्वचित् त्याहूनहि अधिक असतें.

जखमेवरचें आवरण निर्जंतुक असावें लागतें, आणि पाण्यानें भरलेला गर उकळून निर्जंतुक करूं गेल्यास तो बिघडण्याचें भय असतें. पोलंडमधील ऊच शहरीं यानुश रोशाक या शास्त्रज्ञानें यावर सुंदर युक्ति काढली. पाण्यांत कृत्रिम बहुरेणवी द्रव्य आणि अगर विरघळवून तें साच्यांत ओतावयाचें, पाकीट बंद करावयाचें आणि मग त्यावर वेगवान् इलेक्ट्रॉनांचा झोत सोडावयाचा. त्या झोतानें सांखळ्यांना गांठी पडतात आणि त्याच क्षणीं पाकिटांतील जंतूहि मरतात. त्यांतील अगर म्हणजे समुद्रशेवाळापासून निघणारा आणि घरोघर जेली करण्यासाठीं 'चायना ग्रास' म्हणून आणतात तोच पदार्थ. पोलंडमध्यें १९९२ पासून ही पट्टी बाजारांत आली. मुंबईंत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानेंहि याच तत्त्वावर, गॅमा किरणांच्या साहाय्यानें, पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या द्रव्यापासून भाजलेल्या जखमांसाठीं हायड्रोजेल तयार केलें आणि त्याची कृति उद्योगांच्या हवालीं केली. गॅमा किरणांनीं वैद्यकीय वस्तु निर्जंतुक करण्याचा कारखाना तुर्भ्यास १९७४ पासूनच चालू झाला होता. अणुशक्तीचा हा सौम्य उपयोग मुंबईकरांच्या दाराशीं आहे, पण फारच थोड्यांना ठाऊक असेल.

बाजारांत हायड्रोजेल मुख्यतः दोन रूपांनीं मिळतें. एक म्हणजे पातळ वडीसारखी पारदर्शक पट्टी आणि दुसरें नळींतून काढावयाचा मोकळा गर. उथळ व सपाट जखमेवर पट्टी बसते. खोल किंवा वेड्यावांकड्या जखमेंत गर भरतात आणि त्यावर दुसरी साधी पट्टी बांधतात. भाजलेल्या जागेवर हा गर ठेवला कीं आग शमते, कारण त्यांतील पाणी उष्णता ओढून घेतें, हळूहळू हवेंत उडूनहि गारवा देतें आणि उघड्या पडलेल्या मज्जातंतूंच्या टोकांना वाळूं देत नाहीं. जखमेवर काळा, चिवट, मृत थर धरला असेल तर गर त्याला पाणी पाजून मऊ करतो. मग शरीराचेच पाचक रस तो थर सोडवितात आणि तेवढ्यापुरतें शस्त्राचें काम वांचतें. आवरण पारदर्शक असल्यानें तें न काढतां जखम पाहतां येते. आणि काढतेवेळीं तें सहज सुटून येतें, नव्या त्वचेला ओरबाडीत नाहीं. रोग्याच्या दृष्टीनें हा शेवटचा लाभ कदाचित् सर्वांत मोठा आहे.

परंतु गुण जेथें आहेत तेथेंच मर्यादाहि आहेत. ज्या गरांत आधींच पाणी भरलेलें आहे तो आणखी लस फारशी शोषूं शकत नाहीं. म्हणून जी जखम सारखी वाहते तिच्यावर हायड्रोजेल लावणें चूक होय. तेथें अधिक शोषणारीं दुसरीं आवरणें लागतात. जखमेंत पू असेल, भोंवतालीं लाली व उष्णता पसरत असेल, दुर्गंधि किंवा ताप असेल, तर आवरण कोणतें हा प्रश्नच दुय्यम होतो. आधीं डॉक्टरांना दाखविलें पाहिजे. आणि एक धोका तर विशेष लक्षांत ठेवावा. वृद्ध किंवा मधुमेही माणसाच्या पायाचें बोट रक्त न पोहोंचल्यामुळें काळें, कोरडें पडलें असेल, तर त्यावर ओलावा देणारें कोणतेंहि आवरण स्वतःच्या विचारानें लावूं नये. ज्या जागीं रक्तच येत नाहीं तेथें ओलाव्यानें त्वचा उगवत नाहीं. उलट कोरडा राहिलेला मृत भाग ओला होऊन सडूं लागतो. रक्तपुरवठ्याची तपासणी होईपर्यंत तो भाग कोरडाच राखतात. ओलाव्याचा नियम जिवंत जखमेला लागू आहे.

मधुमेहाच्या व्रणावर हायड्रोजेलचा उपयोग किती, हाहि प्रश्न शास्त्रज्ञांनीं तपासला आहे. कॉक्रन या संस्थेच्या २०१३ सालच्या आढाव्यांत ५ चांचण्यांतील ४४६ रोग्यांची माहिती एकत्र केली होती. कमी खोलीच्या व्रणांत साध्या पट्टीपेक्षां हायड्रोजेलखालीं अधिक व्रण भरून आले असें तींतून दिसलें; पण चांचण्या लहान व सदोष असल्यामुळें हा निष्कर्ष जपूनच घ्यावा, असेंहि त्या आढाव्यानें बजाविलें. मधुमेहांत पायाची संवेदना जाते, चप्पल टोंचली तरी कळत नाहीं आणि त्याच जागीं भार पडत राहतो. तो भार काढला नाहीं, साखर आटोक्यांत आणली नाहीं, तर जगांतील कोणतेंहि आवरण तो व्रण भरूं शकणार नाहीं. पाय रोज डोळ्यांनीं पाहणें ही या बाबतींत पहिली पट्टी आहे, आणि तिला पैसा पडत नाहीं.

पैशाचा उल्लेख निघाला तो योग्यच झाला. तयार हायड्रोजेल महाग असतें, आणि भाजलेल्या माणसाला तें अनेक वेळां बदलावें लागतें. पण ओलावा राखण्याचें तत्त्व महाग नाहीं. मुंबईच्या वाडिया मुलांच्या रुग्णालयांत डॉ. मनोहर केसवानी यांनीं उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी करून भाजलेल्या मुलांवर वापरली, आणि त्याचा वृत्तांत १९८५ सालीं प्रसिद्ध केला. सालींची आंतली बाजू जखमेवर ठेवली कीं जखम वाळत नाहीं, पट्टी चिकटत नाहीं आणि वेदना कमी होतात, असा त्यांचा अनुभव होता. त्यानंतर मुंबईंतच निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानाचाहि असाच उपयोग करण्यांत आला. हीं कामें रुग्णालयांत, निर्जंतुक रीतीनें केलेलीं होतीं. घरांतल्या स्वयंपाकाच्या सालीं जखमेवर ठेवण्याचा सल्ला त्यांतून कोणी काढूं नये. परंतु तत्त्व एकदां पटलें म्हणजे साधनें परिस्थितीप्रमाणें शोधतां येतात, हें त्यांनीं दाखविलें.

घरापुरता विचार केला तर नियम थोडे आणि सोपे आहेत. साधें खरचटलें असेल तर जागा वाहत्या स्वच्छ पाण्यानें धुवावी, माती-खडे काढावे, पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा आणि स्वच्छ पट्टी बांधून ती रोज बदलावी. एवढ्यासाठीं हायड्रोजेल आणण्याची गरज नाहीं. भाजलें असेल तर प्रथम वीस मिनिटें नळाच्या थंड वाहत्या पाण्याखालीं ती जागा धरावी. बर्फ, शाई, टूथपेस्ट, तूप, हळद यांपैकीं कांहींहि लावूं नये. हायड्रोजेल असेल तर तें पाण्यानंतर, पाण्याच्या ऐवजीं नव्हे. भाजलेली जागा मोठी असेल, किंवा चेहरा, हात, सांधे वा जननेंद्रिय भाजलें असेल, तर तत्काळ रुग्णालय गांठावें. लोखंड लागलें किंवा जखमेंत माती गेली तर धनुर्वाताची लस घेतली आहे कीं नाहीं हें पाहावें. आणि जी जखम दोनतीन आठवड्यांत भरत नाहीं, तिच्यावर नवनवीं आवरणें बदलीत बसण्यापेक्षां ती कां भरत नाहीं याचा शोध डॉक्टरांकडून घ्यावा.

सारांश, जखम वाऱ्यावर सुकवूं नये आणि पाण्यांत कोंडूंहि नये. ती भरून काढणारें शरीर आपलें काम जाणतें. त्याला स्वच्छता, रक्ताचा पुरवठा आणि बेताची ओल एवढ्या तीन गोष्टी मिळाल्या पाहिजेत. हायड्रोजेल यांपैकीं तिसरी गोष्ट चांगल्या रीतीनें पुरवितें. पहिल्या दोन गोष्टींची काळजी माणसानेंच घ्यावयाची आहे.